एकटीने किती तान्ही बाळे सांभाळावीत?

मुलुंडची_निशिगंध

माझी बाळंतपणाची रजा पुढच्या महिन्यात संपत आहे. २०१७ च्या कायदादुरुस्तीमुळे पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची रजा मिळते, म्हणजे मी कामावर रुजू होईन तेव्हा मुलगी नुकती सहा महिन्यांची झालेली असेल. माझे कार्यालय फोर्टला आहे. ५० किंवा त्याहून अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय करणे बंधनकारक आहे, परंतु आमच्याकडे तितकी माणसे नाहीत. आणि सोय असती तरी सकाळच्या गर्दीत तान्ह्या बाळाला घेऊन लोकलमध्ये चढण्याचे धाडस मी केले नसते.

आमच्या शेजारच्या इमारतीत एक काकू घरीच पाळणाघर चालवतात. त्यांच्याकडे सध्या पाच महिन्यांचे, नऊ महिन्यांचे आणि चौदा महिन्यांचे अशी तीन बाळे आहेत आणि दुपारी बालवाडीतून एक चार वर्षांचा मुलगा येतो. माझी मुलगी धरून पाच होतील. काकू प्रेमळ आहेत, घर स्वच्छ आहे, ओळखीतल्या दोन कुटुंबांचा अनुभव उत्तम आहे. तरीही एकट्या बाईने इतकी लहान मुले सांभाळावीत का, हा प्रश्न मनातून जात नाही. यासंबंधी काही नियम आहेत का आणि आपला अनुभव काय सांगतो, हे कृपया लिहावे. आईने नोकरी करावी की करू नये, हा वाद या धाग्यावर नको, ही विनंती.

कुर्ला_स्लो

केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने २०१८ साली कार्यालयांशी संलग्न पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली होती. त्यांत तीन वर्षांखालील दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि एक मदतनीस असे प्रमाण दिलेले आहे. त्या हिशेबाने पाच मुले ही संख्या निम्मीच ठरते. मला यात काळजीचे कारण दिसत नाही.

अक्षरओळख

कुर्ला_स्लो यांनी दिलेला आकडा बरोबर आहे, परंतु त्यातला ‘आणि एक मदतनीस’ हा भाग आपण सर्वजण वाचता वाचता ओलांडून जातो. दहा मुलांमागे दोन मोठी माणसे, म्हणजे प्रत्यक्षात एकास पाच. शिवाय ‘तीन वर्षांखालील’ या एकाच कप्प्यात सहा महिन्यांचे बाळही येते आणि स्वतःच्या हाताने जेवणारे, शू आल्याचे सांगणारे अडीच वर्षांचे मूलही येते. ही तत्त्वे किमान मर्यादा सांगतात. सगळी दहाच्या दहा मुले तान्ही असतील, असा विचार त्यांमागे असेल असे मला वाटत नाही.

बाहेरच्या देशांत वयाप्रमाणे अधिक बारकाईने विभागणी केलेली आहे. इंग्लंडमधील पाळणाघरांत दोन वर्षांखालील तीन मुलांमागे एक माणूस असावा लागतो. ऑस्ट्रेलियात दोन वर्षांखालील चार मुलांमागे एक असे प्रमाण आहे. अमेरिकेत तेथील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेच्या सहभागाने जी मानके तयार झाली आहेत, त्यांत एक वर्षाखालील तीन बाळांमागे एक माणूस आणि एका गटात जास्तीत जास्त सहा बाळे असे सांगितले आहे.

परंतु निशिगंध यांच्या प्रश्नाच्या सर्वांत जवळ जाणारा नियम निराळाच आहे. इंग्लंडमध्ये ज्या बायका स्वतःच्या घरी एकट्याने मुले सांभाळतात, त्यांना एका वेळी आठ वर्षांखालील सहाच मुले घेता येतात. त्यांत पाच वर्षांखालील तीनपेक्षा जास्त नसावीत आणि एक वर्षाखालील सर्वसाधारणपणे एकच असावे. भावंडांसाठी किंवा तिच्या स्वतःच्या बाळासाठी अपवाद करता येतो, परंतु मूळ नियम एकाचा आहे. एकाच देशात पाळणाघरातील सेविकेला तीन आणि घरी सांभाळणाऱ्या बाईला एक, असे का? घरी सांभाळणारी बाई कमी कुशल असते म्हणून नव्हे. पाळणाघरातील सेविकेने हाक मारली तर शेजारच्या खोलीतून दुसरी येते. घरातल्या बाईने हाक मारली तर कोणीच येत नाही. एकास तीन हे प्रमाण आणि एकटीला तीन ही परिस्थिती, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. आपल्याकडील चर्चेत त्यांची सरमिसळ होते, असे माझे निरीक्षण आहे.

कुर्ला_स्लो

विदेशातील नियम वाचून मुंबईत घर चालत नाही. आमच्या आजीने सहा मुले वाढवली आणि तिच्या मदतीला कोणीही प्रमाणपत्रधारक सेविका नव्हती.

पाळणाघर_डोंबिवली

मी डोंबिवलीत अनेक वर्षे घरी पाळणाघर चालवले, आता गुडघ्यांमुळे बंद केले आहे. आजींचा विषय निघालाच आहे म्हणून आधी त्याबद्दल लिहिते. आपल्या आजीची सहा मुले एकाच वयाची नव्हती. धाकटे पाळण्यात असताना थोरली मुलगी दहा-बारा वर्षांची झालेली असे आणि तिच्या कडेवर मधले असे. घरात जाऊ, नणंद, एखादी विधवा आत्या असे. चाळीत असाल तर गॅलरीतली प्रत्येक बाई जाता-येता डोकावत असे. आजी कधीच एकटी नव्हती. बंद दाराच्या वन-बीएचकेमध्ये सकाळी आठ ते संध्याकाळी सात चार बाळांबरोबर एकटी असलेली बाई ही आजीच्या काळात नव्हतीच.

आता हिशेब. सहा महिन्यांपासून वर्षापर्यंतचे एक बाळ अकरा तास तुमच्याकडे आहे, असे धरा. दूध आणि वरचे खाणे मिळून चार-पाच वेळा होते. मऊभात किंवा नाचणीची पेज भरवायला, दुपटे बदलायला आणि ढेकर काढायला प्रत्येक वेळी वीस-पंचवीस मिनिटे सहज जातात, म्हणजे दोन तासांच्या आसपास. लंगोट किंवा डायपर पाच-सहा वेळा, हात धुण्यासकट पाऊण तास. झोप दोनदा किंवा तीनदा, प्रत्येक वेळी खांद्यावर घेऊन थोपटण्यात पंधरा-वीस मिनिटे, म्हणजे एक तास. वाट्या-बाटल्या उकळणे, ओकलेले पुसणे, अंग पुसून झबले बदलणे, याला अर्धा तास. एका बाळाचे चार-सव्वाचार तास झाले, आणि यात खेळवणे, बोलणे, उगीच मांडीवर घेऊन बसणे हे धरलेलेच नाही. दोन बाळांचे साडेआठ तास होतात. उरलेल्या वेळात बाई स्वतः जेवते आणि मुलांशी दोन शब्द बोलते. तीन बाळांचे पावणेतेरा तास होतात आणि दिवस अकरा तासांचाच असतो.

मग तीन बाळे सांभाळणाऱ्या बायका काय करतात? काही कामे जोडीने करतात. बसू लागलेल्या दोघांना भिंतीशी टेकवून समोर बसायचे आणि आळीपाळीने घास द्यायचे, हे चांगले जमते आणि मुलांनाही आवडते. परंतु त्याच वेळी तिसरे पाच महिन्यांचे असेल तर त्याची बाटली उशीला टेकवून त्याला एकटेच प्यायला ठेवले जाते. रडणारे बाळ रडून थकून झोपते. ओला डायपर तासभर तसाच राहतो आणि संध्याकाळी आईला बाळाचे ढुंगण लाल दिसते. यात कोणी दुष्ट नसते. २०१६ साली खारघरच्या पाळणाघरात दहा महिन्यांच्या मुलीला झालेल्या मारहाणीचे चित्रण बाहेर आले, तेव्हापासून आईवडील कॅमेरा आहे का हे आवर्जून विचारतात. ते विचारावेच, परंतु माझ्या मते हातांची कमतरता कॅमेऱ्यात दिसत नाही, कारण पडद्यावर सगळे शांत झोपलेलेच दिसतात.

माझे स्वतःचे उत्तर सांगते. एकटी असेन तर दीड वर्षाखालील दोन, आणि त्यांतलेही एकच न रांगणारे. पूर्ण वेळ मदतनीस असेल तर दोघींत मिळून पाच, फार तर सहा. शाळेतून येणारी मुले त्यावर एखाद-दुसरे, तीही स्वतःचे ताट स्वतः उचलणारी.

जुळ्यांचा_बाबा

आमची जुळी मुले सात महिन्यांची असताना आम्हाला तीन ठिकाणी नकार मिळाला. तेव्हा राग आला होता, परंतु वरचा हिशेब वाचल्यावर त्या बायकांचा प्रामाणिकपणा लक्षात येतो. आमच्यासारख्यांनी दोन बाळांची दोन जागा म्हणूनच गणती करावी. जुळी असली म्हणून त्यांचे काम दीडपट होत नाही, ते दुपटीहून थोडे अधिकच होते, कारण एक उठले की दुसरे उठते.

आणखी एक गोष्ट. मोजताना काकूंचे स्वतःचे नातवंड धरले आहे का, ते पाहावे. आम्ही ज्यांच्याकडे शेवटी मुले ठेवली, त्या तीन मुले आहेत असे सांगत; त्यांची मुलीकडची नात रोज दुपारी तिथेच असे, ती चौथी.

डॉ_दादर

दादरमध्ये माझा लहान मुलांचा दवाखाना आहे. संख्येचा विचार मी थोडा निराळ्या बाजूने करतो. शांत दिवशी चार बाळे सांभाळणारी बाई मी पाहिलेली आहे. प्रश्न त्या पाच मिनिटांचा असतो, ज्यांत काहीतरी बिघडते.

एक वर्षाखालील बाळाच्या घशात घास अडकला आणि त्याचा आवाज बंद झाला, तर त्याला हातावर पालथे, डोके खाली ठेवून दोन खांद्यांच्या मधोमध पाच थापा द्यायच्या, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाब द्यायचा आणि अडकलेले बाहेर येईपर्यंत किंवा बाळ रडू लागेपर्यंत हे आलटून पालटून करायचे. या कामाला दोन्ही हात लागतात आणि पूर्ण लक्ष लागते. मग १०८ ला फोन कोण करणार? दार कोण उघडणार? आणि त्या वेळी रांगणारे दुसरे बाळ कुठे असेल? मुंबईत पाणी ठरावीक वेळेला येत असल्यामुळे बहुतेक घरांत न्हाणीघरात पिंप आणि बादल्या भरून ठेवलेल्या असतात. उभे राहू लागलेले बाळ बादलीत डोके खाली करून पडले तर त्याला स्वतःला वर काढता येत नाही, आणि बुडायला वीतभरही पाणी लागत नाही. न्हाणीघराला बाहेरून वर कडी आहे का, हा प्रश्न मी पाळणाघराविषयी विचारणाऱ्या प्रत्येक पालकाला पहिल्यांदा विचारायला सांगतो.

आग लागली किंवा इमारत रिकामी करावी लागली तर उद्वाहन बंद असते. एका धडधाकट बाईला दोन कडांवर दोन बाळे घेऊन जिना उतरता येतो. तिसरे चालणारे नसेल तर तिने काय करावे, याचे उत्तर कोणाकडेही नाही. न चालणाऱ्या बाळांची मर्यादा दोन असावी, असे म्हणण्यामागे माझ्यापुरते एवढे एकच कारण पुरेसे आहे.

झोपलेली बाळे मोजायची नाहीत, असा एक समज आढळतो. तो चुकीचा आहे. एक वर्षापर्यंत बाळाला उताणेच झोपवावे, खालचे अंथरूण घट्ट असावे, जवळ उशी, दुलई किंवा मऊ खेळणी नसावीत. आपल्याकडची डोके गोल व्हावे म्हणून ठेवतात ती राईची उशीही नको. झोळीत झोपवायचे असेल तर समोर माणूस हवे. पालथे पडू लागलेले बाळ झोळीत तोंड दाबून वळू शकते. बाळे आतल्या खोलीत झोपलेली आणि बाई स्वयंपाकघरात मिक्सर लावून वाटण करीत आहे, या व्यवस्थेला सांभाळणे म्हणता येणार नाही.

अक्षरओळख

डॉक्टरांच्या लिखाणावरून एक प्रश्न सुचला. २६ आठवड्यांची रजा संपून बाळ पाळणाघरात येते, नेमके तेव्हाच त्याला वरचे अन्न सुरू होते आणि पुढच्या दोन-तीन महिन्यांत ते रांगू लागते. म्हणजे घास अडकण्याचा धोका आणि हाताला येईल ते तोंडात घालण्याचा काळ एकत्रच सुरू होतो. तीन महिन्यांचे बाळ जिथे ठेवाल तिथे असते. मग नऊ महिन्यांचे बाळ सांभाळणे अधिक अवघड मानावे का?

डॉ_दादर

अधिक अवघड नव्हे, वेगळ्या प्रकारे अवघड. तीन महिन्यांच्या बाळाला हात अधिक लागतात आणि नऊ महिन्यांच्या बाळाला डोळे अधिक लागतात. म्हणूनच दोन्ही वयांची बाळे एकत्र असणे हे सर्वांत थकवणारे मिश्रण आहे: बाई एकाला मांडीवर घेऊन दूध पाजत असते, म्हणजे तिला उठता येत नाही, आणि नेमके तेव्हाच दुसरे दाराच्या फटीत बोट घालते. एकाच वयाची दोन बसती बाळे त्या मानाने पुष्कळ सोपी असतात.

आजारपणाचाही विचार करावा. नवव्या महिन्यात गोवर-रुबेलाची लस असते, त्याआधी दीड, अडीच आणि साडेतीन महिन्यांना पेंटाव्हॅलंट. लशीनंतर बाळाला ताप येऊ शकतो आणि त्या दिवशी ते कडेवरून उतरतच नाही. अशा दिवशी तीन बाळांची बाई दोन बाळांना एकच हात देऊ शकते. ताप आलेल्या बाळाला घरीच ठेवावे, ही अट काकूंनी घातली तर तिचे वाईट वाटून घेऊ नये.

कुर्ला_स्लो

जिना उतरण्याचा मुद्दा मला पटला. आमची इमारत बावीस मजली आहे आणि हा विचार कधी मनात आला नव्हता.

पाळणाघर_डोंबिवली

संध्याकाळविषयी लिहायचे राहिले. सकाळी प्रत्येक पालक सांगतो की साडेसहाला येतो. मध्य रेल्वेवर एखादी गाडी बंद पडली की साडेसहाचे आठ होतात. त्या दीड तासात मुले दमलेली, भुकेलेली असतात, बाईच्या घरी नवरा-मुले परतलेली असतात, गॅसवर कुकर असतो आणि दारावरची घंटा दर दहा मिनिटांनी वाजते. माझ्या अनुभवात मुले पडण्या-लागण्याचे प्रसंग याच वेळी घडत. तुम्ही पाळणाघर पाहायला सकाळी अकरा वाजता जाता, तेव्हा दोन बाळे झोपलेली असतात आणि तिसरे खुळखुळा वाजवत असते. ते पाहून काही कळत नाही. संध्याकाळी सात वाजता, न सांगता जा.

२६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला आणि गाड्या थांबल्या, तेव्हा माझ्याकडची मुले रात्रभर माझ्याकडेच होती. फोन लागत नव्हते, दिवे गेले होते. माझी मुलगी तेव्हा कॉलेजात होती आणि सासूबाई होत्या, म्हणून निभावले. त्या रात्रीनंतर मी प्रत्येक बाळाचे एक दिवस अधिकचे दूध-पावडर, कपडे आणि औषधांचा कागद वेगळ्या पिशवीत मागून घेऊ लागले. पावसाळ्यात प्रत्येक पालकाने ही पिशवी स्वतःहून द्यावी. आईचे काढलेले दूध देत असाल तर ते आमच्या हवेत बाहेर ठेवू नका, थेट फ्रिजमध्ये जाऊ द्या आणि बाटलीवर बाळाचे नाव व वेळ लिहा. तीन बाळांच्या सारख्याच दिसणाऱ्या बाटल्या फ्रिजमध्ये असल्या की एकाचे दूध दुसऱ्याला जाते.

मुलुंडची_निशिगंध

सर्वांचे मनापासून आभार. आता अडचण अशी आहे की काकूंना हे बोलायचे कसे? त्या माझ्या आईच्या वयाच्या आहेत. तुमच्याकडे मुले जास्त आहेत, असे म्हणणे म्हणजे त्यांच्या पोटावर पाय देण्यासारखे आहे. दोनच बाळे घेऊन त्यांचे घर चालणार नाही, हेही मला कळते.

जुळ्यांचा_बाबा

काकूंना मुले कमी करायला सांगू नका, मदतनीस विचारा. आम्ही तसेच केले होते.

पाळणाघर_डोंबिवली

हाच मार्ग योग्य आहे, कारण प्रश्न शेवटी पैशांचा आहे आणि तो संकोच न करता तसाच मांडावा. दोन बाळांच्या पैशांत बाईचे भाडे, वीज आणि स्वतःचे श्रम निघत नाहीत, म्हणून ती तिसरे घेते. तिसऱ्याने थोडे हाताशी येते, म्हणून ओळखीच्याला नाही म्हणवत नाही आणि चौथे येते. तिला लोभी म्हणणारे पालकच कमी पैशांचे पाळणाघर शोधत असतात. मी स्वतः मदतनीस ठेवली तेव्हा महिन्याचा दर वाढवला आणि दोन कुटुंबे सोडून गेली. जी राहिली, ती मुले शाळेत जाईपर्यंत राहिली.

तुमच्याकडे तान्ह्या बाळांची चार कुटुंबे होतील. चौघांनी मिळून एका मदतनीस बाईचा पगार वाटून घ्यावा आणि तो काकूंच्या हातातच द्यावा, म्हणजे मदतनीस कोणाचे ऐकायचे यावरून गोंधळ होत नाही. पूर्ण दिवस परवडत नसेल तर सकाळी अकरा ते दुपारी तीन आणि संध्याकाळी साडेपाच ते शेवटचे बाळ जाईपर्यंत, या दोन वेळा पक्क्या कराव्यात. भरवणे, झोपवणे, बालवाडीच्या मुलाला खाली जाऊन आणणे आणि संध्याकाळची घाई त्यांत येते. उरलेल्या वेळात काकू चार बाळांसह एकट्या असतील, हे मात्र विसरू नका. त्या चार बाळांतील तीन न चालणारी आहेत, म्हणून जमल्यास मदतनीस पूर्ण दिवसच ठेवा. मदतनीस ही केर-भांडी करणारी नसावी. तिलाही डॉक्टरांनी वर सांगितलेली घास अडकल्यावरची कृती एकदा प्रत्यक्ष करून दाखवा. बालरोगतज्ज्ञांकडे लशीला जाल तेव्हा काकूंना आणि तिला बरोबर नेलेत तर दहा मिनिटांचे काम आहे.

काकूंशी बोलताना चौघी आया एकत्र जा, एकेकटीने सांगितले तर ती तक्रार वाटते. पाचवे तान्हे बाळ घ्यायचे नाही, हे त्यांच्याच तोंडून ठरू द्या. मदतनीस रजेवर असेल त्या दिवशी कोणते बाळ घरी राहील, याचा क्रम मात्र आधीच कागदावर लिहून ठेवा, कारण तो फोन सकाळी सातला येतो आणि त्या वेळी चौघींपैकी कोणालाच रजा टाकायची नसते.